खालच्या मोठ्या दाढांना पूर्ण सिरॅमिक कॅप टिकते का? (नाशिक)

सिडकोकर

आईच्या (वय ५८) खालच्या डाव्या बाजूच्या दोन दाढांचं रूट कॅनाल झालंय, ३६ आणि ३७ नंबर. ३६ ची जिभेकडची भिंत पडली होती, ती कंपोझिटने (दाताच्या रंगाच्या भरावाने) उभी केली आहे. ३७ मुळातच बुटकी, हिरडीच्या वर जेमतेम ३ मि.मी. दिसते. समोरच्या वरच्या दाढा खऱ्या आहेत, त्यांना कॅप नाही. आई झोपेत दात खाते, त्यामुळे दाढांचे माथे बरेच सपाट झालेत.

तीन ठिकाणी विचारलं. कॉलेज रोडला झिरकोनिया (एक कडक पांढरं सिरॅमिक) सांगितलं, पंधरा वर्षांच्या कार्डासह एकेक १२,००० रुपये. नाशिक रोडला मेटल-सिरॅमिक (आत धातू, वर पोर्सेलिन), ५,००० रुपये. गंगापूर रोडला ३६ ला ई-मॅक्स आणि ३७ ला ‘झिरकोनियावर पोर्सेलिन’. तिघांनीही आपापलं कारण दिलं, पण ती कारणं एकमेकांशी जुळत नाहीत.

सिरॅमिक मागच्या दाढेवर फुटतं का? झिरकोनिया वरच्या खऱ्या दाढेला झिजवतं का? आणि पंधरा वर्षांचं कार्ड म्हणजे नक्की कशाची हमी?

चावा-माप

आधी एक गोष्ट वेगळी करू. ‘सिरॅमिक कॅप’ हे एका वस्तूचं नाव नाही. तुम्हाला सांगितलेल्या तीन पर्यायांत चार निरनिराळे पदार्थ आहेत आणि त्यांची ताकद दहापटीने वेगळी आहे.

वाकवून मोडायला किती ताण लागतो हे मेगापास्कलमध्ये मोजतात. वरून थर देऊन भाजतात ते पोर्सेलिन साधारण ६० ते १०० मेगापास्कलला मोडतं. ई-मॅक्स म्हणजे लिथियम डायसिलिकेट नावाचं काचेच्या जातीचं सिरॅमिक, ते ४०० च्या आसपास. ३वाय प्रकारचं झिरकोनिया (वाय म्हणजे त्यात मिसळलेलं इट्रिया, आकडा त्याचं प्रमाण) ९०० ते १,२००. झिरकोनियाचाच जास्त पारदर्शक ५वाय प्रकार मात्र ५०० ते ७०० वरच थांबतो. म्हणजे नुसतं ‘झिरकोनिया’ ऐकून समाधान मानू नका, कोणतं ते विचारा.

गंगापूर रोडला ३७ साठी जे सांगितलं ते या दाढेला मी देणार नाही. झिरकोनियाचा गाभा आणि त्यावर पोर्सेलिनचा थर, यात गाभा हजारचा असला तरी चावतो तो वरचा थर, आणि तो शंभरचा आहे. गाभा शाबूत राहतो आणि वरचा पापुद्रा निघतो. हा दोष इतका नेहमीचा की २०१५ साली आलेल्या एका मोठ्या एकत्रित आढाव्यात पाच वर्षांनंतर टिकलेल्या कॅप मेटल-सिरॅमिकच्या ९४.७ टक्के, लिथियम डायसिलिकेट आणि ल्यूसाइट (काचेच्याच जातीचं दुसरं सिरॅमिक) गटाच्या ९६.६ टक्के, तर झिरकोनियाच्या ९२.१ टक्के निघाल्या. सगळ्यांत मजबूत पदार्थ मागे पडला, कारण त्या काळातल्या झिरकोनिया कॅप बहुतेक थर दिलेल्या होत्या. हेच आकडे दाखवून कोणी ‘झिरकोनिया नको’ म्हणालं तर ते अखंड, म्हणजे मोनोलिथिक झिरकोनियाला लावू नका.

आता दाढेची जागा. अडकित्त्यात सुपारी बिजागरीजवळ सरकवली की कमी जोरात फुटते. जबड्याचंही तसंच आहे. सांध्याच्या जितकं जवळ तितका दाब जास्त. मोठ्या दाढांवर पूर्ण ताकदीने चावलं तर साधारण ५०० ते ७०० न्यूटन, म्हणजे ५० ते ७० किलोचं वजन पडतं. ३७ ही ३६ पेक्षा सांध्याच्या जवळ आहे, शिवाय बुटकी, आणि त्यात झोपेत दात खाण्याची सवय. जागेवरचा कस ३७ चा जास्त लागणार.

जाडीचं गणित इथे निर्णायक ठरतं. दाढेच्या माथ्यावर अखंड ३वाय झिरकोनियाला १ मि.मी. पुरते. ई-मॅक्सला १.५ मि.मी. हवी. मेटल-सिरॅमिकला माथ्यावर पोर्सेलिन घ्यायचं तर १.५ ते २ मि.मी. तुमच्या ३७ ची उंचीच ३ मि.मी. आहे. त्यातून २ मि.मी. तासलं तर कॅपने धरायचं कशाला? दाढेवर कॅपची पकड राहायला तासल्यानंतर निदान ४ मि.मी. उंचीची भिंत हवी असते. म्हणून ३७ ला झिरकोनियाचा खरा फायदा त्याच्या ताकदीपेक्षा हा आहे की ते पातळ चालतं आणि दाढ वाचवतं.

माझं मत: ३७ ला अखंड ३वाय झिरकोनिया. ३६ ला तेच किंवा ई-मॅक्स, पण दात खाण्याची सवय पाहता मी दोन्हीकडे झिरकोनियाच घेईन. आणि दोन कॅप एकमेकींना जोडून कोणी सुचवल्या तर नको म्हणा. मधे फ्लॉस जात नाही आणि एक बिघडली की दोन्ही कापाव्या लागतात.

भट्टीवाला

लॅबच्या बाजूने थोडं, कारण निम्म्या चुका कागदावर होतात.

डॉक्टर चिठ्ठीवर फक्त ‘झिरकोनिया, शेड ए३’ (म्हणजे रंगाचा नंबर) लिहितात. मग लॅब आपल्याला सोपं पडेल ते करते. चिठ्ठीवर तीन शब्द हवेत: मोनोलिथिक, ३वाय, आणि माथा पॉलिश. यात एक घोळ नेहमी होतो. ‘मल्टीलेअर’ डिस्क (कॅप जिच्यातून कोरतात ती झिरकोनियाची चकती) आणि ‘लेअर्ड’ कॅप या वेगळ्या गोष्टी. मल्टीलेअर म्हणजे एकाच डिस्कमध्ये रंग वरून खाली बदलत जातो, कॅप अखंडच असते. लेअर्ड म्हणजे वरून पोर्सेलिन चढवलेलं. पण मल्टीलेअरमध्येही काही डिस्कचा वरचा भाग ५वाय आणि खालचा ३वाय किंवा ४वाय असतो, म्हणजे चावायच्या माथ्यावर नेमका कमी ताकदीचा भाग येतो. मागच्या दाढेसाठी वरपासून खालपर्यंत एकाच ताकदीची डिस्क मागा. रंग थोडा पांढरट, कमी पारदर्शक दिसेल. ३७ कोणाला दिसत नाही.

कॅप कशी बनते ते माहीत असेल तर दोष कुठून येतात ते कळतं. झिरकोनियाची डिस्क खडूसारखी मऊ असताना मशीनवर कोरतात, अंतिम मापापेक्षा २० ते २५ टक्के मोठी. मग भट्टीत साधारण १,५०० अंशांवर भाजली की ती आक्रसून बरोबर मापाला येते. तापवणं, धरून ठेवणं आणि निववणं मिळून सात-आठ तास जातात, म्हणून बहुतेक ठिकाणी भट्टी रात्री लावतात. आक्रसण्याचा आकडा प्रत्येक डिस्कवर छापलेला असतो. तो सॉफ्टवेअरमध्ये चुकीचा भरला तर कॅप सैल किंवा घट्ट निघते. घट्ट निघालेली कॅप आतून दगडाने घासून बसवणं हा सगळ्यांत वाईट उपाय. आतल्या बाजूला बारीक तडे पडतात आणि कॅप पुढे तिथूनच फुटते. ती परत पाठवायला हवी.

दाढ तासताना टोकदार कोपरे राहिले तर मशीनचं गोल टोक त्या कोपऱ्यात जाऊच शकत नाही. मग सॉफ्टवेअर आतून जास्त कोरून टाकतं आणि नेमकी तिथे कॅप पातळ होते. कोपरे गोल हवेत, काठ स्वच्छ आणि सलग हवा. झिरकोनियाला काठाशी अर्धा मि.मी. चालतो. ई-मॅक्सला पूर्ण १ मि.मी.

कार्डाबद्दल. कार्ड डिस्क बनवणाऱ्या कंपनीचं किंवा लॅबचं असतं आणि बहुतेक कार्डांवर लिहिलेलं असतं की कॅप फुटली तर नवी कॅप बदलून मिळेल. डॉक्टरांची फी, कॅपखालची कीड, मुळाला गेलेला तडा, सिमेंट सुटणं यात धरत नाहीत. पंधरा वर्षं म्हणजे दाढ पंधरा वर्षं टिकेल असं कोणी लिहून देत नाही. तरी कार्ड घ्याच. त्यावरच्या क्रमांकावरून डिस्क खरी आहे का ते कंपनीकडे पडताळता येतं, आणि हीच त्याची खरी किंमत आहे.

सिडकोकर

हे तिघांपैकी कोणीच इतकं फोड करून सांगितलं नव्हतं. दोन गोष्टी राहिल्या. कॉलेज रोडवाल्या डॉक्टरांनी ३७ ला ‘हिरडी थोडी कापावी लागेल’ म्हटलं होतं, आम्ही नको म्हणालो. ते खरंच लागतं का? आणि वरच्या दाढेच्या झिजण्याचं उत्तर अजून कोणी दिलं नाही.

हिरडी

तुमच्या वर्णनावरून त्या डॉक्टरांनी विचार करून सांगितलंय असं दिसतं. त्यांचं परत ऐका.

काठीच्या टोकाला लोखंडी शेंबी बसवतात, ती लाकडाला सगळीकडून कवटाळते म्हणून काठी चिरत नाही. कॅपचंही तेच. कंपोझिटने उभी केलेली भिंत धरून उपयोग नाही, कॅपच्या काठाने खऱ्या दाताचा निदान १.५ ते २ मि.मी. पट्टा सगळीकडून कवटाळायला हवा. तो पट्टा नसेल तर झिरकोनिया असो नाहीतर सोनं, एके दिवशी कॅप आतल्या भरावासकट हातात येते किंवा मूळ उभं चिरतं. मूळ चिरलं की दाढ काढण्याशिवाय काही उरत नाही. ३६ च्या जिभेकडच्या बाजूला हे नक्की तपासून घ्या, कारण तिथली भिंत पडलेली आहे.

हिरडी कापणं दोन प्रकारचं. नुसती हिरडी जास्त वाढली असेल तर लेझरने किंवा कॉटरीने काम भागतं. पण कॅपचा काठ हाडापासून निदान ३ मि.मी. दूर राहायला हवा. तेवढं अंतर मिळत नसेल तर थोडं हाडही कमी करावं लागतं आणि टाके पडतात. अंतर न ठेवता काठ हिरडीत खोल घातला तर हिरडी कायम लाल, सुजलेली राहते आणि ब्रश करताना रक्त येतं. मग ‘कॅप सोसली नाही’ असं म्हणतात, पण चुकलेली असते ती काठाची जागा.

खालच्या दुसऱ्या दाढेला हे सोपं नसतं हेही खरं. तिथे जबड्याचं हाड बाहेरच्या बाजूने जाड असतं, मागे हिरडीची गादी असते, आणि हाड जास्त कमी केलं तर मुळं जिथे दुभंगतात ती फट उघडी पडते. ती उघडी पडली तर अन्न साचून दाढ दुसऱ्याच कारणाने जाते. म्हणून आधी एक्स-रेवर मुळांच्या दुभंगापर्यंतचं अंतर मोजायला सांगा. ते पुरेसं असेल तर करा. नंतर पक्कं माप घ्यायच्या आधी ६ ते ८ आठवडे थांबावं लागतं, तोवर तात्पुरती कॅप. ती घालून बेदाणे, चिक्की, तीळगूळ नको, चिकटून निघून येते.

थांबायचं आहे म्हणून बिनकॅपचं मात्र ठेवू नका. २००२ मधल्या एका अमेरिकी अभ्यासात रूट कॅनालनंतर कॅप न घातलेले दात कॅप घातलेल्यांच्या सहापट वेगाने गेले.

चावा-माप

झिजण्याबद्दल. हा समज उलटा पसरलाय. खऱ्या दाताला झिजवतो तो खडबडीतपणा, कडकपणा नव्हे. आरशासारखं पॉलिश केलेलं झिरकोनिया समोरच्या दाताला थर दिलेल्या पोर्सेलिनपेक्षा कमी झिजवतं. अडचण ग्लेझची आहे. ग्लेझ म्हणजे वरून भाजलेला काचेचा पातळ मुलामा. तो चावण्याच्या जागी काही महिन्यांत उडतो आणि खाली पॉलिश न केलेलं झिरकोनिया उरलं असेल तर ते कानसीसारखं चालतं. भट्टीवाल्यांनी चिठ्ठीवर ‘माथा पॉलिश’ लिहायला सांगितलं ते याचसाठी.

हेच बसवण्याच्या दिवशीही होतं. कॅप उंच लागली म्हणून डॉक्टर बरने (मशीनच्या फिरत्या टोकाने) थोडी घासतात आणि तशीच सोडतात. घासायची असेल तर लाल किंवा पिवळ्या पट्टीचा बारीक हिऱ्याचा बर, भरपूर पाणी आणि हलका हात. कोरडं घासलं तर उष्णतेने बारीक तडे जातात. त्यानंतर झिरकोनियाची हिरेमिश्रित रबरं, जाड ते बारीक, क्रमाने. पाच मिनिटांचं काम आहे. आईंनी जीभ फिरवून बघावी, खरखर लागली तर उठायच्या आधी सांगावं.

उंची तपासताना अजून एक. इंजेक्शन दिलेलं असेल तर ‘चावून बघा, बरोबर वाटतं का’ या प्रश्नाला अर्थ नाही, बधिर तोंडाला कळत नाही. रूट कॅनाल झालेल्या दाढेची नस गेलेली असली तरी मुळाभोवतालच्या पडद्याला दाब कळतो, तो बधिरता उतरल्यावरच. खरी कसोटी ८ मायक्रॉनची धातूची पट्टी: शेजारच्या दाढांमध्ये चावून धरली की जशी अडते तशीच कॅपवर अडायला हवी, जास्त नाही. दुसऱ्या दिवशी उंच वाटली तर ‘सवय होईल’ म्हणून थांबू नका. आठवडाभर उंच कॅपवर दात खाल्ले की दाढ ठणकायला लागते आणि दोष रूट कॅनालवर जातो.

सिमेंटवर मी सगळ्यांत जास्त भर देईन, कारण बुटक्या ३७ ची निम्मी पकड त्यातून येणार आहे. झिरकोनियात काच नसते, म्हणून ई-मॅक्ससाठी वापरतात ते हायड्रोफ्लोरिक ॲसिड त्यावर काही करत नाही. झिरकोनियाला आतून ५० मायक्रॉन ॲल्युमिनाने कमी दाबावर, १ ते २ बार, सँडब्लास्ट करायचं (बारीक कणांचा फवारा मारायचा), मग एमडीपी हे झिरकोनियाला धरणारं रसायन असलेला प्रायमर, म्हणजे सिमेंटआधीचा लेप, मग रेझिन सिमेंट. लॅबमधून ब्लास्ट होऊन आलेली कॅप तोंडात घालून पाहिली की थुंकीतला फॉस्फेट झिरकोनियाला घट्ट चिकटतो आणि प्रायमरची जागा अडवतो. पाण्याने धुऊन तो जात नाही. फॉस्फोरिक ॲसिडने धुणं तर उलटं, तेही फॉस्फेटच. ट्रायलनंतर खास क्लीनिंग पेस्ट लावायची किंवा परत ब्लास्ट करायचं. ही एक पायरी गाळली की ‘झिरकोनिया चिकटत नाही’ अशी तक्रार येते.

तात्पुरत्या कॅपचं सिमेंट युजेनॉल नसलेलं हवं. लवंगेच्या वासाचं ते युजेनॉल, ते रेझिनला नीट घट्ट होऊ देत नाही.

जुनी दाढ

दोन मुद्द्यांवर माझं वेगळं मत.

पहिला, ३७ ला पूर्ण धातूची कॅप कोणी सुचवलीच नाही याचं वाईट वाटतं. फुटत नाही, पातळ चालते, काठ उत्तम बसतो, समोरच्या दाताला सोसते. दिसायला नको म्हणून लोक टाळतात, पण खालची शेवटची दाढ हसताना दिसत नाही. सोन्याचा मिश्रधातू परवडत नसेल तर कोबाल्ट-क्रोमियम घ्या. स्वस्त निकेल-क्रोमियम नको, नकली दागिन्याने ज्यांच्या कानाला खाज येते त्यांना तर नकोच. नाशिक रोडच्या ५,००० वाल्या मेटल-सिरॅमिकमध्ये आत कोणता धातू आहे तेही विचारा.

दुसरा, ई-मॅक्सला इतकं लांब ठेवण्याचं कारण नाही. ३६ ची जागा पुरेशी असेल, १.५ मि.मी. जाडी मिळत असेल आणि नीट चिकटवली तर चांगली टिकते. ५ टक्के हायड्रोफ्लोरिक ॲसिड २० सेकंद, धुऊन सायलेन (काचेला रेझिन जोडणारा द्रव) ६० सेकंद, मग रेझिन. आणि बुटक्या दाढेसाठी एंडोक्राउन हा मार्गही आहे: रूट कॅनालने मोकळ्या झालेल्या पोकळीत कॅपचाच खुंटा उतरतो, त्यामुळे हिरडी कापणं टळू शकतं. पण काम करताना थुंकी पूर्ण अडवता आली पाहिजे, आणि खालच्या शेवटच्या दाढेपाशी जीभ ते सोपं होऊ देत नाही.

चावा-माप

धातूच्या कॅपशी सहमत. आईंना चालत असेल तर ३७ ला ती झिरकोनियापेक्षा कमी नाही, काही बाबतींत सरस आहे. एंडोक्राउन मात्र इतके दात खाणाऱ्या पेशंटला मी टाळेन. चिकटवण्यात चूक झाली तर तिथे दुसरा आधार नाही.

हिरडी

कॅप बसल्यावर रात्रीचा गार्ड हवाच. कडक ॲक्रिलिकचा, सुमारे २ मि.मी. जाडीचा, वरच्या जबड्यावर. मऊ रबरी नको, काही जण ते चघळत राहतात. माप कॅप बसल्यानंतर घ्या. आधी घेतलं तर नव्या उंचीला गार्ड बसत नाही. धुवायला गार पाणी, उकळत्या पाण्यात वाकतो.

खाण्याचं. नाशिकचा चिवडा नव्या कॅपला फोडत नाही, फोडतो तो डाळीत राहिलेला खडा, सुपारी आणि मटणाचं हाड. सुपारी सोडा. थर दिलेली कॅप घेतलीच तर हे पथ्य दुप्पट कडक पाळा.

दोन दाढांमध्ये फ्लॉस टिचकन आवाज करून उतरला पाहिजे. सैल उतरला तर तिथे रोज शेंगदाण्याचा कूट अडकणार आणि ३६ च्या मागच्या काठाला कीड लागणार. हे सिमेंट लावायच्या आधी तपासायला सांगा. लॅबला परत पाठवून ई-मॅक्स किंवा मेटल-सिरॅमिकवर थोडं पोर्सेलिन वाढवता येतं, पॉलिश केलेल्या अखंड झिरकोनियाची बहुतेक वेळा कॅपच नवी करावी लागते.

पैशांची ओढ असेल तर पंचवटीतल्या दंत महाविद्यालयात प्रॉस्थोडॉन्टिक्स (कॅप, कवळीचा) विभाग आहे. पदव्युत्तर विद्यार्थी शिक्षकांच्या देखरेखीखाली काम करतात, फेऱ्या जास्त होतात. झिरकोनिया तिथे मिळेल का आणि लॅबचा खर्च वेगळा भरायचा का, हे पहिल्याच दिवशी विचारा.

सिडकोकर

ठरलं. आधी ३७ चं एक्स-रेवर अंतर मोजून घेतो, मग धातू की झिरकोनिया ते आईवर सोडतो. एकच विचारतो, कॅपखाली कीड लागली तर कळणार कसं?

चावा-माप

एक्स-रेत झिरकोनिया आणि धातू दोन्ही पांढरेशुभ्र दिसतात, त्यांच्या आडचं काही दिसत नाही. रूट कॅनाल झालेली दाढ दुखतही नाही, त्यामुळे वेदनेची वाट बघू नका. कीड काठापासून सुरू होते, तिथेच दिसते. वर्षातून एकदा बाईटविंग एक्स-रे (पट्टी चावून धरून काढतात तो), आणि दर सहा महिन्यांनी डॉक्टरांना बारीक सुईने काठ सगळीकडून फिरून बघायला सांगा, विशेषतः ३६ ची जिभेकडची बाजू. घरी खूण म्हणजे फ्लॉस काठाशी तंतू तंतू होऊन अडकणं, कॅपखालून घाण वास येणं, किंवा चावताना कॅप किंचित हलून थुंकीचा बुडबुडा दिसणं. हलणारी कॅप त्याच आठवड्यात काढून घ्यावी. सुटलेल्या सिमेंटखाली दाढ किती वेगाने मऊ होते ते बाहेरून दिसत नाही.